उत्तर न सांगता मुलांचा अभ्यास कसा घ्यायचा

“आई, गुणाकार करू का भागाकार?”

संध्याकाळी सात-साडेसातला हा प्रश्न आला की आपण गॅसवरची भाजी परतता परतताच उत्तर देऊन टाकतो. “भागाकार रे.” दोन मिनिटांत गणित सुटतं, वही दप्तरात जाते, दुसऱ्या दिवशी शाळेत बरोबरची खूण मिळते. मूल मात्र त्यातून एकच गोष्ट शिकतं: अडलं की आईला विचारायचं. चौथीत हे खपून जातं. आठवीत बीजगणित जड होतं तेव्हा तेच मूल वही उघडून नुसतं बसून राहतं, आणि आपण म्हणतो, याचं डोकंच चालत नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या भागात याला आणखी एक पदर आहे. आई-बाप मराठी शाळेत शिकलेले, मूल कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात. मूल मराठी शाळेत असलं तरी कन्नड आणि इंग्रजीचा गृहपाठ काही चुकत नाही. “आम्हाला काय कळतंय त्यातलं? म्हणून क्लास लावलाय,” हे वाक्य पालकसभेत दर वेळी कानावर येतं. माझं म्हणणं उलटं आहे. ज्या पालकाला उत्तर येत नाही, त्याला ते सांगून टाकायचा मोहच होत नाही, आणि निम्मं काम तिथंच होतं. खरी पंचाईत होते ती उद्यमबागेत इंजिनिअर असलेल्या बाबांची. त्यांना उत्तर येत असतं, रीत येत असते, धीर तेवढा नसतो.

खालची पद्धत दोघांच्याही उपयोगाची आहे. पायऱ्या क्रमाने लिहिल्यात, पण सगळ्यांचं वजन सारखं नाही. दुसरी आणि चौथी नीट जमली तर बाकीच्या मागोमाग येतात.

पहिली पायरी: किती, कधी, कुठे

आधी गृहपाठ किती आहे ते बघा. केंद्राच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणात याचा अंदाज दिला आहे. दुसरीपर्यंत गृहपाठ नकोच. तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, सहावी ते आठवीला दिवसाला एक तास, नववीपासून दिवसाला दोन तास. तिसरीतलं पोर रोज रात्री दोन-दोन तास वहीवर वाकलेलं असेल तर त्याच्या डोक्यात बिघाड शोधण्याआधी शाळेत जाऊन विचारा. कित्येकदा तो गृहपाठ नसतोच, पालकांनी दुकानातून आणलेल्या जादा वह्या असतात.

पहिली ते तिसरीच्या सरकारी शाळेत ‘नली-कली’ असते. म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात १९९५ मध्ये सुरू झालेली ही पद्धत पुढे राज्यभर गेली. मुलं कार्डं घेऊन गटात बसतात, एकेक टप्पा आपल्या वेगाने ओलांडतात. “शाळेत नुसती खेळतात, वही कोरीच येते,” म्हणून घाबरू नका आणि घरी पाढ्यांचा मारा करू नका. आज कुठलं कार्ड झालं एवढं विचारा आणि तेच खेळून दाखवायला सांगा.

वेळ ठरवताना मूल शाळेतून आल्या आल्या नको आणि रात्रीच्या जेवणानंतर तर नकोच. खाऊन, तासभर बाहेर उंडारून आलं की बसवा. जागेसाठी वेगळी खोली लागत नाही, ठरलेला कोपरा पुरतो. वडगाव-शहापुरात घरातच माग असेल तर त्या खडखडाटात वाचन होत नाही हे मान्य करून टाकावं. नकाशा, चित्र, वहीला कव्हर घालणं असली कामं माग चालू असताना, आणि वाचायची, विचार करायची कामं माग थांबल्यावर. खानापूरच्या बाजूला पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा वाचायचं काम आधी उरकलेलं बरं. मोबाईल दुसऱ्या खोलीत. तुमचासुद्धा.

बसल्यावर पहिली दोन मिनिटं यादीची. आज काय काय आहे, कशाने सुरुवात करणार, कशाला किती वेळ लागेल, हे मूल स्वतः सांगेल. “आधी कन्नडचं संपव” असं आपण म्हणायचं नाही. मग झाल्यावर सांगितलेला वेळ आणि लागलेला वेळ मुलानेच ताडून बघायचा. स्वतंत्र विचाराची सुरुवात इथून होते, अवघड गणितापर्यंत थांबावं लागत नाही.

दुसरी पायरी: प्रश्न मुलाच्या तोंडून ऐका

मुलं गणित अर्धं वाचतात, आकडे उचलतात आणि कुठलं चिन्ह मधे घालू एवढंच विचारतात. म्हणून चिन्हाची चर्चाच करायची नाही. पुस्तक पालथं घालायला सांगा आणि म्हणा, “गणितात काय झालं ते सांग.” सांगता येत नसेल तर गणित अजून वाचूनच झालेलं नाही.

एक नमुना घेऊ. एका शेतकऱ्याकडे साडेतीन क्विंटल तांदूळ आहे, तो २५ किलोच्या पिशव्यांत भरायचा आहे, पिशव्या किती लागतील? (तांदूळ आपला बेळगावचा बासमती आहे असं धरा, वासाने तरी गणित वाचलं जाईल.)

“काय आहे गणितात?”
“तांदूळ आहे. साडेतीन क्विंटल.”
“तुला उचलेल का?”
“छे!”
“मग काय करूलालाय शेतकरी?”
“पिशव्यांत भरूलालाय.”
“अंदाजे किती पिशव्या होतील? पाच? पंधरा? हजार?”

इथं मूल अडलं तर बघा कशावर अडलंय. क्विंटल म्हणजे शंभर किलो हेच ठाऊक नसेल, तर सरळ सांगून टाका. ती माहिती आहे, विचार करून सापडणारी गोष्ट नव्हे. “आठव बघू, आठव” करत मुलाला ताटकळत ठेवण्यात काही शहाणपणा नाही. आपण गप्प बसायचं ते पुढे, म्हणजे त्या माहितीचं काय करायचं हे ठरवण्याची वेळ येते तेव्हा. माहिती सांगा, निर्णय सांगू नका. या लेखातलं एकच वाक्य फ्रिजवर चिकटवायचं असेल तर हे चिकटवा.

क्विंटलचं कळल्यावर एखादं मूल म्हणेल, “चार पिशव्या म्हणजे एक क्विंटल. तीन क्विंटलच्या बारा. अर्ध्याच्या दोन. चौदा!” पुस्तकात ३५० भागिले २५ असं असतं. बऱ्याच घरांत याच क्षणी माती खाल्ली जाते: “असं नाही, सरांनी दाखवलंय तसं कर.” अहो, पोराने भागाकाराचा अर्थ स्वतः शोधून काढलाय! आधी त्याची रीत वहीच्या मागच्या पानावर नीट लिहू द्या. मग म्हणा, “आता सरांच्या रीतीनं कर, तेवढंच येतंय का बघ.” दोन रीतींनी चौदाच आले की मुलाला भागाकारही कळतो आणि उत्तर स्वतः तपासायची सवयही लागते. शाळेच्या वहीत सरांची रीत जाईल, त्याला हरकत नाही.

भाषेच्या किंवा परिसर अभ्यासाच्या प्रश्नालाही हेच लागू. ‘कारणे लिहा’ असं आलं की मूल धड्यात तो शब्द शोधतं आणि त्याच्या पुढच्या दोन ओळी उतरवतं. पुस्तक मिटून आधी तोंडी कारण सांगायला लावा, मग उघडून पडताळू द्या. आठवायचा प्रयत्न करून मग पुस्तक बघितलं की जास्त दिवस लक्षात राहतं. नुसतं पुन्हा पुन्हा वाचल्याने पाठ झाल्यासारखं वाटतं एवढंच.

तिसरी पायरी: थांबा

अमेरिकेतल्या मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबू लागले, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं, एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागली. फक्त तीन सेकंद! घरात तर तासिकेची घंटा वाजत नाही, तिथं आणखी सैल सोडता येतं.

अडचण अशी की थांबणं म्हणजे मुलाच्या तोंडाकडे टक लावून बघणं नव्हे. आपल्या कपाळावरची आठी मुलाला गणितापेक्षा लवकर वाचता येते. म्हणून हात कामात ठेवा. मेथी निवडा, लसूण सोला, विड्या वळत असाल तर वळत राहा. निपाणीकडे कितीतरी बायका सूप मांडीवर घेऊनच मुलांचा अभ्यास घेतात, आणि ते अगदी योग्य आहे. हात गुंतलेले असले की पेन्सिल हिसकावून घेता येत नाही.

चौथी पायरी: एकेक इशारा

मूल खरंच अडलं, थांबूनही पुढे जाईना, तर मदत करायची. पण सगळी एकदम नाही. कमीत कमी मदतीपासून सुरू करून एकेक पाऊल पुढे जायचं आणि प्रत्येक पावलानंतर पुन्हा थांबायचं.

आधी म्हणा, “परत एकदा मोठ्यानं वाच.” निम्म्या वेळा एवढ्यावरच काम होतं. मग, “कुठपर्यंत कळलं ते सांग.” जिथं आवाज अडखळतो तिथं खरी गाठ असते, आणि ती बहुतेकदा आपल्याला वाटलेली नसते. मग, “असलं काही आधी केलंयस का? वही चाळ.” मग चित्र किंवा वस्तू: तीन चतुर्थांश मोठा की दोन तृतीयांश, हा प्रश्न कागदाच्या सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या दुमडून सुटतो, नियमाची गरज पडत नाही. तरीही नाही जमलं तर आकडे लहान करा. साडेतीन क्विंटल राहू दे, दहा लाडू आहेत आणि एका डब्यात दोन मावतात, डबे किती?

एवढं करूनही गाडी हलली नाही, तर तसंच दुसरं एक गणित घ्या आणि ते तुम्ही सोडवून दाखवा. पुरतं, मोठ्याने बोलत: “आता मी हे का करतेय? कारण मला एका डब्यातले लाडू माहीत आहेत…” मग तो कागद बाजूला सारा आणि मूळ गणित मुलाकडे द्या. गृहपाठातलं गणित आपण सोडवायचं नाही. शेजारचं सोडवून दाखवायला हरकत नाही.

आणि पेन्सिल. ती मुलाच्या हातातून काढून घ्यायची नाही, कधीच. तुम्हाला काही लिहून दाखवायचंच असेल तर रद्दी कागदावर लिहा. मुलाच्या वहीत तुमचं अक्षर दिसता कामा नये. असा नियम घातला की बाबांचे हात आपोआप मागे राहतात.

तुम्हाला स्वतःलाच उत्तर येत नसेल तर? सांगून टाका. “मला हे येत नाही बाळा, आमच्या वेळी नव्हतं. तू मला शिकव.” मुलांना शिकवायला भारी आवडतं. शिकवताना त्यांचं त्यांनाच कळतं की आपल्याला कुठलं येत नाही. तुम्ही फक्त बावळट प्रश्न विचारायचे: “हा एक वरती कशाला नेलास?” “इथं शून्य का?” खरोखर न कळणारा माणूस हे प्रश्न जितके चांगले विचारतो तितके कळणारा विचारत नाही.

पाचवी पायरी: चुकीचा माग काढा

५२ वजा ३८ बरोबर २६. हे उत्तर तुम्ही वहीत नक्की बघितलं असेल. मूल आळशी नाही, बेफिकीरही नाही. त्याने मोठ्यातून लहान वजा केलं: आठातून दोन सहा, पाचातून तीन दोन. चूक एका नियमाने झाली आहे, आणि तो नियम हाती लागल्याशिवाय दहा गणितं जास्त घातली तर दहाही तशीच चुकतील. “चुकलं” न म्हणता म्हणा, “२६ आणि ३८ मिळवून बघ.” ६४ येतात. आता मुलाला स्वतःलाच काहीतरी गडबड दिसते, आणि ती कुठली हे शोधायला ते आपणहून मागे जातं.

आपल्या भागात आणखी एक चूक हमखास सापडते, आणि ती आपल्या घरच्या भाषांमुळे होते. मराठीत पंचेचाळीस म्हणताना आधी पाच येतात, मग चाळीस. कन्नडमध्ये नलवत्तैदु, म्हणजे आधी चाळीस, मग पाच. इंग्रजीतही तसंच. घरी मराठीत आकडे ऐकणारं आणि शाळेत कन्नड किंवा इंग्रजीत लिहिणारं मूल पंचेचाळीस ऐकून ५४ लिहितं, यात नवल काय? एकोणतीस तर त्याहून गमतीशीर. कन्नड सांगते वीस आणि नऊ, मराठी सांगते तिसाला एक कमी. महाराष्ट्रात २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! आपल्याला एवढ्या लांब जायला नको. मूल आकडा उलटा लिहितंय असं दिसलं की रागावण्याआधी विचारा, “यात दहा किती आणि सुटे किती?” दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी समोर ठेवा. चार नोटा, पाच नाणी. मग तोच आकडा मराठीत म्हण, कन्नडमध्ये म्हण, इंग्रजीत म्हण. नोटा हलत नाहीत, फक्त म्हणायचा क्रम बदलतो. हे ज्याला उमगलं त्याला स्थानिक किंमत वेगळी शिकवावी लागत नाही.

खोडरबर जरा लांब ठेवा. चुकीवर एक आडवी रेघ आणि खाली नवीन. खोडून टाकलं की चुकीचा माग काढता येत नाही. शाळेत स्वच्छ वही हवी असेल तर कच्चं काम मागच्या पानावर.

आणि “हे कसं केलंस?” हा प्रश्न उत्तर बरोबर असतानाही विचारा. नाहीतर मुलांना पक्कं कळतं की आईने कसं विचारलं म्हणजे चुकलंय, आणि ती लगेच खोडरबर शोधू लागतात.

सहावी पायरी: कन्नडचा आणि इंग्रजीचा गृहपाठ

लिपी येत नाही म्हणून हात टेकू नका. मूल वाचेल, तुम्ही ऐका. परिच्छेद वाचून झाला की त्यात काय आहे ते मराठीत सांगायला लावा. अडखळत, गाळत सांगेल, चालेल. अर्थ कळला की नाही हे ओळखायला तुम्हाला कन्नड यावी लागत नाही. गोष्ट कुठंतरी तुटली की तुम्हालाही कळतं. मग, “इथं काहीतरी राहिलं बघ. तो रानात गेला कशाला?” मूल परत ओळीकडे जातं.

वाक्यरचनेच्या बाबतीत आपली मुलं नशीबवान आहेत. मी शाळेला जातो, नानु शालेगे होगुत्तेने. शब्द बदलले, क्रम तोच. म्हणून कन्नडचं वाक्य आधी मराठीत तोंडी जुळवून मग कन्नडमध्ये लिहिणं हा चांगला मार्ग आहे. इंग्रजीला तो तसाच लावता येत नाही, तिथं क्रियापद मधे येतं. मुलाला दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहायला लावून “काय सरकलं?” एवढं विचारलं तरी पुरे. नियम मूल स्वतः सांगतं.

कन्नड लिहिताना मराठी मुलं एका जागी हमखास घसरतात. कन्नडमध्ये ‘ए’ आणि ‘ओ’ हे स्वर आखूड आणि लांब असे दोन-दोन असतात. मराठीत हा भेद नाही, त्यामुळे तो कानाला लागत नाही. आखूड ओ घेऊन कोडु म्हटलं तर ‘दे’, लांब ओ घेऊन म्हटलं तर ‘शिंग’. लिहिताना लांबाला अक्षराच्या उजवीकडे एक जादा खूण येते. अशा जोड्या मुलाने वहीच्या शेवटी स्वतः साठवाव्यात. उच्चार तपासून घ्यायला शेजारची अक्का, नाक्यावरचा दुकानदार, नाहीतर वर्गातली कन्नड मैत्रीण आहेच. ती मराठी वाचायला शिकत असेल तर सौदा बरोबरीचा होतो.

घरात कन्नड कागद तर येतच असतात: हेस्कॉमचं लाईटबिल, जमिनीचा उतारा, रेशन दुकानातली पाटी, बसवरचं गावाचं नाव. ते मुलाकडे द्या. बिलातलं मागचं रीडिंग आणि आताचं रीडिंग शोधून युनिट किती झाले ते काढायचं, ही पाचवीच्या मुलाला पुरणारी वजाबाकी आहे आणि वाचनही. वर त्याच्या आजोबांना दुसऱ्याच्या दारात कागद घेऊन जावं लागत नाही.

इंग्रजी माध्यमाच्या मुलांशी घरात मोडकं इंग्रजी बोलायची गरज नाही. विज्ञानातली कल्पना आधी मराठीत कळू दे. “पाण्याची वाफ का होते, मला सांग” याचं उत्तर मूल घरच्या भाषेत जितकं खोल देईल तितकं परक्या भाषेत देणार नाही. कळल्यावर इंग्रजी शब्द त्यावर बसवायला वेळ लागत नाही.

गाईडबद्दल एक इशारा. कोल्हापूरहून मामा प्रेमाने गाईड आणतात, पण ते महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांवरचं असतं. आपल्याकडचं मराठी माध्यमसुद्धा कर्नाटकाच्या पुस्तकांवर चालतं, धडे वेगळे. पुस्तक हरवलं असेल तर कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाच्या संकेतस्थळावर मराठी माध्यमाची पुस्तकंही मिळतात. आणि गाईड जुळणारं असलं तरी ते उत्तर लिहून झाल्यावरच उघडायचं.

सातवी पायरी: निबंध आणि प्रोजेक्ट

प्रोजेक्ट म्हणजे स्टेशनरीच्या दुकानातून तयार चित्रांचा कागद, इंटरनेटवरून चार परिच्छेदांची झेरॉक्स आणि रात्री अकराला आईच्या हातचं डेकोरेशन, असं समीकरण झालंय. ते मोडायचं तर विषय मुलाच्या पायाखालचा घ्या.

गांधीजी काँग्रेसच्या एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष होते, आणि ते डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात भरलं, हे पुस्तकात एका ओळीत असतं. त्या वेळी खोदलेली काँग्रेस विहीर टिळकवाडीत आजही आहे. मुलाला तिथं न्या आणि स्वतः काही सांगू नका. “इथं प्रश्न काढायचे, निदान पाच.” अधिवेशनाला विहीर कशाला? किती माणसं आली असतील? ती राहिली कुठं, जेवली काय? हे आपल्याला कोण सांगेल? शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. त्यातून मूल ऐकीव गोष्ट, फलकावरचा मजकूर आणि पुस्तक यांत फरक करायला शिकतं. खानापूरकडच्या मुलाला मलप्रभा आहे. कणकुंबीला उगम पावते, कूडलसंगमला कृष्णेला मिळते. मधल्या वाटेवर तिचं पाणी कोण कोण वापरतं, एवढा एक प्रश्न महिनाभर पुरतो.

निबंधाचंही तसंच. ‘पावसाळा’ या निबंधात सगळ्या मुलांचे मोर नाचतात. धो धो पावसाच्या कणकुंबीच्या मुलाचा पावसाळा आणि कोरड्या अथणीच्या मुलाचा पावसाळा एकच कसा असेल? लिहायच्या आधी पाच मिनिटं बोलून घ्या. गेल्या पावसात आपल्या घरी काय झालं, कुठला वास आला, कोण चिडलं, शाळेला सुट्टी कशामुळे मिळाली? जे बोललं तेच लिहू दे. वाक्यं वेडीवाकडी येतील. शुद्धलेखन दुसऱ्या वाचनात बघा. पहिल्याच ओळीला ऱ्हस्व-दीर्घ काढलं तर मूल परत मोराकडे जातं.

आठवी पायरी: मोबाईल आणि एआय

बंदी घालून भागत नाही. शाळेचा गृहपाठच व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर येतो. ग्रुपवरून गृहपाठ वहीत उतरवला की मोबाईल जागेवर. त्याच ग्रुपवर कुणीतरी सोडवलेल्या पानाचा फोटो टाकतं, तो बघायचा नाही, आणि पालकांनी टाकायचाही नाही. मदत म्हणून टाकणारे वर्गातल्या सगळ्या मुलांचा विचार एका फटक्यात बंद पाडतात.

फोटो काढला की गणित सोडवून देणारी अॅप्स आणि चॅटजीपीटीसारखी साधनं आता सहावी-सातवीच्या मुलांनाही ठाऊक आहेत. नियम एकच ठेवा: आधी स्वतःचा प्रयत्न वहीत दिसला पाहिजे, तो चुकीचा असला तरी. मग विचारायचं ते उत्तर नव्हे. “माझं हे पाऊल बरोबर आहे का?” किंवा “मला फक्त एक इशारा दे.” आणि मिळालेलं उत्तर पुस्तकात पडताळायचं, कारण ही साधनं चुकीची गोष्टही तितक्याच आत्मविश्वासाने सांगतात. गावाबद्दल काही विचारून बघा. आपल्या येळ्ळूर किंवा कडोलीबद्दल ते काय काय ठोकून देतं यातल्या चुका शोधायला मुलांना फार मजा येते, आणि विश्वास किती टाकायचा हेही समजतं.

घरात दुसरं कोणी असेल तर

आई-बाप दोघंही पाळीवर असतील तर अभ्यास आजी किंवा मोठी बहीण घेते. आजीला अक्षरओळख नसली तरी चालतं. तिने तीन गोष्टी विचारायच्या: काय करायचंय? तू काय ठरवलंस? का? नातवाची वाटेल ती थाप ती पचवणार नाही, याची खात्री बाळगा. मोठ्या बहिणीचं उलटं. तिला लवकर सुटून आपल्या अभ्यासाला बसायचं असतं, म्हणून ती भराभरा सांगून टाकते. तिलाही पेन्सिलचा नियम सांगा, आणि तिच्या परीक्षेच्या दिवसांत हे काम तिच्या गळ्यात घालू नका.

क्लासला पाठवत असाल तर तिथं गृहपाठ पुरा करून घेतात का ते विचारा. घेत असतील तर तुम्ही पैसे देऊन तेच करवताय, जे फुकटात भाजी परतता परतता होत होतं. क्लासवाल्यांना सांगा, शाळेचा गृहपाठ घरी होईल, तुम्ही न कळलेलं तेवढं घ्या.

वय वाढेल तसं तुम्ही मागे सरायचं. तिसरी-चौथीपर्यंत शेजारी बसा. पाचवी-सहावीला त्याच खोलीत, पण आपल्या कामात. आठवीपासून फक्त सुरुवातीची यादी आणि शेवटचं “आज कशावर अडलास?” एवढं पुरे. दहावीच्या वर्षी अचानक परत शेजारी जाऊन बसण्याने मूल घाबरतं.

जमलं नाही त्या दिवशी

एखादं गणित सगळे इशारे संपले तरी सुटत नाही. मूल रडवेलं होतं, तुमचा आवाज चढतो. तिथं वही मिटा. उत्तर भरून पाठवू नका, कारण भरलेली वही बघून बाईंना वाटतं वर्गाला कळलंय, आणि त्या पुढे जातात. त्याऐवजी वहीत मुलाला स्वतःच्या अक्षरात लिहायला सांगा: “बाई, चौथं गणित मला सुटलं नाही. क्विंटलचे किलो केले, पुढे काय करायचं कळलं नाही.” खाली तुमची सही.

बहुतेक शिक्षकांना अशी चिठ्ठी आवडते, त्यांचा अर्धा वेळ वाचतो. एखाद्या शाळेत गृहपाठ अपुरा म्हणून शिक्षा होत असेल तर मुलाला पुढे करू नका. स्वतः जाऊन वर्गशिक्षकांना भेटा, आपण घरी काय करतोय ते सांगा. ऐकलं नाही तर मुख्याध्यापक आहेत, एसडीएमसीत, म्हणजे शाळेवर देखरेख ठेवणाऱ्या समितीत, पालकच बसलेले असतात. चार पालकांनी मिळून सांगितलं तर आणखी बरं. आणि दुसऱ्या दिवशी मूल घरी आलं की किती मार्क पडले हे विचारायच्या आधी विचारा, “त्या चौथ्या गणितात काय निघालं? मला सांग.”